दोन सेहरे

शेवंतीनं टोपलीवरचं ओलं फडकं बाजूला केलं, मोगऱ्याचा एक सेहरा पाटावर ठेवला, मग दुसरा ठेवला, आणि माझ्या घरातली सगळी तोंडं एकदम बंद झाली. आमच्या आंबोलीच्या घरात असं क्वचितच घडतं.

"दोन कशाला गो?" माझी लेक हाजरा म्हणाली. ती कांदिवलीहून सकाळीच आली होती. तिची सासू नि नवरा दुपारी यायचे होते. "आमीन तर एकट्या मैमुनाची आहे ना?"

"माका कित्याक इचारतस? तुझ्या आवशीक इचार," शेवंती म्हणाली. शेजारीण आहे, मालवणकडची, फुलं गुंफण्यात तिचा हात कुणी धरणार नाही. पण भांडण पेटवून बाजूला सरकण्यातही नाही.

"दुसरा माझा," मी म्हटलं नि बिर्याणीचे तांदूळ निवडायला घेतले.

आमीन ही पोरांची मजा. पोरानं अख्खं कुराण पहिल्यांदा वाचून संपवलं की त्याला नवे कपडे चढवायचे, डोक्याला फुलांचा सेहरा बांधायचा, मौलवीसाहेबांसमोर बसवून शेवटचे सुरे, म्हणजे अध्याय, म्हणवून घ्यायचे. मग दुआ, नि जमलेल्या सगळ्यांनी मोठ्यानं आमीन म्हणायचं. नंतर मिठाई. माझ्या गनीची झाली, हाजराची झाली, आता गनीच्या मैमुनाची. सेहरा बांधून बसलेली म्हातारी कुणी बघितली नव्हती. मीसुद्धा नव्हती बघितली. म्हणून काय झालं?

गनी अर्धी दाढी सोडून बाहेर आला. एका गालावर साबणाचा फेस तसाच. "आई, हे काय ऐकतोय मी?"

"माझंही कुराण वाचून झालं. पोरीबरोबरच."

"पण तू तर तिथं नुसती बसायचीस!"

"नुसती बसून मी आयुष्यात कधी काय केलंय रे?"

उस्तानीबी मैमुनाला शिकवायला यायच्या, तेव्हा मी मागे उंबऱ्याला टेकून बसायची. घरातल्यांना वाटायचं, पोरगी उठून पळू नये म्हणून म्हातारी पहाऱ्याला बसते. वाटू दिलं. पोरगी अलिफ म्हणायची, मी पदराआड अलिफ म्हणायची. उस्तानीबींनी पहिल्याच आठवड्यात ओळखलं नि एक जास्तीचं पुस्तक माझ्याकडे सरकवलं. बोलल्या काही नाहीत. शहाणी बाई.

नमाजापुरतं मला पाठ होतंच, ते सगळ्यांनाच असतं. पण अक्षर बघून वाचणं वेगळं. आमच्यासारख्या न शिकलेल्या बायकांसाठी एक तोड होती. कुराण उघडायचं, ओळीवरून उजवीकडून डावीकडे बोट फिरवायचं नि बिस्मिल्लाह म्हणायचं. पुढची ओळ, पुन्हा बोट, पुन्हा बिस्मिल्लाह. असं पानंच्या पानं. अल्ला ते मान्य करतो, कुणी हसत नाही. माझ्या आईनं तसंच केलं, मीही तसंच करत आले.

मग आमचे सारंग गेले. बोटीवर सारंग होते, खलाशांचे मुकादम, म्हणून सगळे त्यांना सारंगच म्हणत, मी धरून. त्यांच्या नावानं वाचायला बायका बसल्या, कुराणाचे तीस भाग वाटले, एक माझ्या हातात दिला. मी बोट फिरवायला लागले. बाकीच्या अजून दुसऱ्या-तिसऱ्या पानावर, नि माझा भाग संपला. नवरा माझा, रडायचं मी, आणि सगळ्यांच्या आधी हात मोकळे झाले ते माझेच. मी तशीच मांडीवर हात ठेवून बसून राहिले, आजूबाजूला सगळ्या वाचत होत्या. त्या दिवशी ठरवलं. एक कुराण अक्षर नि अक्षर वाचायचं आणि त्याचा सवाब, त्याचं पुण्य, सारंगांच्या नावे करायचं. पण आपलं आपण वाचलं म्हणजे झालं असं नाही. मौलवीसाहेबांनी ऐकून 'पुरं झालं' म्हटलं, तरच ते पुरं. नाही म्हटलं, तर मी पुन्हा बोट फिरवायला मोकळी.

यातलं मी कुणाला काही सांगितलं नव्हतं. गनीला तर नाहीच.

"माझ्या सासूला काय सांगू?" हाजरा कुजबुजली. "आमच्या आईनं पोरींसारखी फुलं बांधलीत?"

"सांग, तुमच्यासाठीही शेवंती गुंफून देईल. आधी वाचा म्हणावं."

गनीचे कान लाल झाले. लाज वाटली की त्याचे कान लाल होतात, लहानपणापासून. फोर्टातल्या ऑफिसात साहेबासमोरही होत असणार. त्यानं फेस पुसला, आत गेला नि ते जाडजूड पुस्तक घेऊन आला. कुराणाचा तर्जुमा, उर्दूतलं भाषांतर.

"आई, मी फुलांवरून भांडत नाही. वाचलंस, चांगलं केलंस. पण काय वाचलंस ते कळलं का तुला? अक्षरं गिरवण्यापेक्षा मी अर्थ सांगितला असता. लोक आपल्या भाषेचं राज्य मागायला रस्त्यावर आलेत, आणि आपण अल्लाशी न कळणाऱ्या भाषेत बोलायचं?"

"आमचो भट काय म्हणता ता आमका तरी खंय कळता?" शेवंती मध्येच. "तरी लगीन लागताच मगो."

"तू फुलं बघ," मी म्हटलं.

"अरबीचं नाव काढलं की हिची अक्कल गहाण पडते," गनी हाजराला म्हणाला, मला ऐकू जाईल असं. "ती फळी आठवते?"

आता फळीचं निघालंच आहे तर सांगते. सारंगांनी बसऱ्याहून खजुराची पेटी आणली होती. एका फळीवर काळी अरबी अक्षरं, ठसठशीत, सुंदर. खजूर पोरांनी संपवले. फळी मी गुलाबपाण्यानं पुसून उंच फडताळावर ठेवली. तिच्याकडे पाय करून कुणाला झोपू दिलं नाही. हाजरा सासरी निघाली तेव्हा तिचा हात लावून घेतला. मग गनी कॉलेजात गेला, अरबी शिकणारा कुणी मित्र घरी घेऊन आला, त्यानं ती वाचली. 'ओल्या जागी ठेवू नये.' एवढंच. ती पोरं हसून हसून ओटीवर लोळली.

"मग वाईट काय सांगितलंय?" मी तेव्हाही म्हटलं होतं, त्या दिवशीही म्हटलं. "ठेवलीय का मी ओल्या जागी?"

हाजरा फिसकन हसली. ती माझ्या बाजूला एक पाऊल सरकली हे मी टिपून ठेवलं.

"बरं, आण तो तुझा तर्जुमा," मी गनीला म्हटलं. "सूरे फातिहा, म्हणजे पहिला सुरा, संपल्यावर पुढचा सुरू होतो, त्याचे पहिलेच शब्द, अलिफ लाम मीम. काय अर्थ दिलाय?"

गनीनं पान उलटलं. खालची बारीक अक्षरं वाचली. पुन्हा वाचली. "अर्थ अल्लाच जाणे, असं दिलंय."

"म्हणजे तिथं तू नि मी सारखेच."

आता तोही हसला. माझं पोर जिद्दी आहे, पण हरल्यावर हसतं. हे बापाकडून आलंय, माझ्याकडून नाही.

"तर्जुमा वाचून दाखव की मला," मी म्हटलं. "रोज दुपारी वाच, ऐकीन. पण गनी, तुझे बाबा बोटीवरून पत्र पाठवायचे, तुझा चाचा मला ते वाचून दाखवायचा. निरोप सगळा पोचायचा. तांदूळ भरून ठेव, पोरांना जप, सगळं. पण आवाज लतीफमियाचा असायचा. कळतंय का? मला एकदा पाठवणाऱ्याचाच आवाज हवा होता."

त्यानं पुस्तक मिटलं. दाढी पुरी करायला गेला. जुलेखा, त्याची बायको, तिनं नंतर सांगितलं की आरशासमोर बराच वेळ वस्तरा हातात धरून तसाच उभा होता.

जुलेखाचंही सांगायला हवं. भिवंडीची आहे, वाचनात एकदम साफ. आमचं दोघींचं मिठापासून कपडे वाळत घालण्यापर्यंत कशावरही पटत नाही. तिच्याकडून शिकले असते तर महिन्यात शिकले असते. म्हणूनच शिकले नाही. पण दुपारी मी उंबऱ्यावर बसून वाचत असले, नि एखादं अक्षर घसरलं, की स्वयंपाकघरातून आवाज यायचा. "आई, घशातून!" मी म्हणायची, "तू भाजी बघ!" आणि ते अक्षर घशातून काढायची. कितीदा तिची भाजी खाली लागली, मी जेवताना बोलून दाखवलं. ती कधी म्हणाली नाही की कशानं लागली.

दुपारच्या नमाजानंतर माणसं जमली. पुरुष ओटीवर, बायका पडद्याआड. हाजराची सासू आली, ती मला नव्या पांढऱ्या साडीत बघून "हज्जला चाललात काय?" म्हणाली. "आधी इथलं आटपते," मी म्हटलं. मैमुना हिरव्या सलवार-कमीजात, डोळ्यांवर मोगरा लोंबतोय, एका जागी पाय ठरेना. तिला दुसऱ्या सेहऱ्याचं कळलं तेव्हा तिनं एवढंच विचारलं, "दादी, मिठाईतला माझा वाटा कमी नाही ना होणार?"

शेवंती माझ्या कपाळाला सेहरा बांधत होती तेवढ्यात लतीफमिया आले. सारंगांचे धाकटे भाऊ, माझे दीर. मशिदीत पहिल्या रांगेत जागा, नि स्वभावही पहिल्या रांगेचा.

"भाभी, हे काय? विधवेच्या डोक्याला फुलं?"

"ही नवऱ्यासाठी नाहीत, लतीफमिया. अल्लाच्या कलामासाठी, त्याच्या शब्दांसाठी आहेत."

"कलामासाठी आहेत ना? मग माझं ऐका. कुराण अरबीत उतरलं. एकेक अक्षर जसंच्या तसं सांभाळून आजवर आलंय. तर्जुमा म्हणजे कुराण नाही—"

"तेच मी सकाळी गनीला सांगितलं."

मी त्यांच्या बाजूची आहे हे त्यांना आवडलं नाही. "तेच तर! म्हणूनच म्हणतो. जे एवढं जपायचं, ते या वयात वळत नसलेल्या जिभेनं वाचायचं? आपली कोकणी जीभ. अक्षर बदललं की शब्द बदलतो. चार माणसांत कलाम चुकवलात तर सवाब राहिला बाजूला, गुन्हा पदरात. बोट फिरवत होतात ते बरं होतं."

हे त्यांनी सगळ्यांसमोर म्हटलं. पडद्यामागे बांगड्या वाजायच्या थांबल्या. त्यांचं सगळंच खोटं नव्हतं. हात आपोआप कपाळाकडे गेला, गाठ सोडायला.

"चाचा," गनी म्हणाला. त्याचे कान लाल होते, पण या वेळी लाजेनं नाही. "आई बसणार. ठरवायचं ते मौलवीसाहेब ठरवतील."

"सकाळपासून तूच नको म्हणत होतास, असं ऐकलं मी."

"सकाळी मी बोलत होतो. ती माझी आई आहे, मी बोलू शकतो."

माझा हात खाली आला.

मौलवीसाहेब बाणकोटकडचे, बोलायला मऊ, ऐकायला पक्के. त्यांनी दोन सेहरे बघितले, मैमुनाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, नि म्हणाले, "माशाल्ला, आज वर्गात दोघी." मैमुना खुदकन हसली.

आधी तिनं म्हटलं. नदी वाहावी तसं. लतीफमियांनीही मान हलवली. मग माझी पाळी. कुराण समोर लाकडी रिहलीवर उघडं. शेवटचे तीन सुरे. पाठ होते, लहानपणापासून पाठ होते, पण मी ठरवलं होतं, डोळ्यांनी वाचायचे. पहिला झाला. दुसऱ्यात, मध्येच, एका शब्दावर जीभ अडली. म्हटलं, चुकलं. पुन्हा म्हटलं, पुन्हा चुकलं. लतीफमिया खाकरले. अक्षर डोळ्यांसमोर होतं नि तोंडातून निघेना. सगळी ओटी माझ्या तोंडाकडे बघतेय. एकदा मनात आलं, बोट ठेवावं नि पुढे जावं.

"आई, घशातून!"

पडद्यामागून. खणखणीत. माझे दीर, जावई, मौलवीसाहेब, कुणाचीही भीड न ठेवता. बिचारीच्या तोंडून सवयीनं निघून गेलं.

आणि माझ्या तोंडूनही सवयीनंच निघालं, "तू भाजी बघ!"

क्षणभर कुणाला कळेना काय झालं. मग मौलवीसाहेबांची दाढी हलायला लागली. हाजराची सासू पडद्यामागे हसत सुटली, मग जावई, मग गनी भिंतीला टेकून डोळे पुसायला लागला. मीही हसले. हसता हसता घसा मोकळा झाला, नि ते अक्षर आलं. भिवंडीसारखं नाही, पण आलं. मी सुरा पुरा केला, तिसरा पुरा केला.

"आता पुन्हा पहिल्यापासून, बीबी," मौलवीसाहेब म्हणाले. "हे वाचन संपत नसतं. संपलं तिथंच सुरू करायचं."

मी सूरे फातिहा म्हटली. पान उलटलं. अलिफ लाम मीम. ती तीन अक्षरं मी एकेक करून, लांब, सावकाश म्हटली, आणि गनीकडे बघितलं. तो ओठांत माझ्याबरोबर म्हणत होता.

"मौलवीसाहेब," लतीफमियांनी अजून सोडलं नव्हतं, "हसलो, ते ठीक. पण साफ वाचन नाही झालं. मग हे पुरं मानायचं कसं?"

मौलवीसाहेबांनी चष्मा काढून पुसला. "लतीफमिया, तुम्ही साफ वाचता, तुमचं स्थान फरिश्त्यांजवळ. पण ज्याला वाचताना जड जातं, जो अडखळतो आणि तरी सोडत नाही, त्याला रसूलुल्लाहांनी, आपल्या पैगंबरांनी, दोन सवाब सांगितलेत. एक वाचल्याचा, एक कष्टाचा."

"दोन?" लतीफमिया म्हणाले.

"दोन."

"साफ वाचणाऱ्याला?"

"तुमचं स्थान सांगितलं की. पण दोनाचं अडखळणाऱ्यांबद्दल म्हटलंय." मौलवीसाहेब माझ्याकडे वळले. "बीबी, पुरं झालं. मुबारक."

मला वाटलं होतं, त्या शब्दांनी मी रडेन. नाही रडले. मी लतीफमियांकडे बघितलं. ते हिशेब लागत नसल्यासारखे बसले होते. मग त्यांनी आपली टोपी नीट केली, उठले, नि माझ्या सेहऱ्याची एक सर कानावर अडकली होती ती हळूच सोडवून ठेवली. "भाऊ असता तर हसून हसून मेला असता," ते पुटपुटले. "मुबारक, भाभी."

"आता दुआ," मौलवीसाहेब म्हणाले. "सवाब कुणाच्या नावे करायचा?"

"मी मागतो भाभींसाठी," लतीफमिया पुढे झाले. त्यांना अरबीतली लांबलचक दुआ येते, छान येते, नि आता त्यांना माझ्यासाठी काहीतरी करायचं होतं.

"नको, लतीफमिया. ही मीच मागणार. मौलवीसाहेब, दुआ आपल्या बोलीत चालते ना?"

"नमाज अरबीत, वाचन अरबीत. मागणं कुठल्याही बोलीत, बीबी. त्याला सगळ्या कळतात."

मी हात पसरले. सगळ्यांनी पसरले. शेवंतीनंही, दाराशी, फुलांचा वास लागलेले.

"अल्ला, मी हलीमा. तुझं होतं ते तुझ्या बोलीत वाचलं, आता मागणं माझ्या बोलीत. चुका झाल्या त्या माझ्या, त्यात उस्तानीबींचा दोष नाही. मौलवीसाहेब म्हणतात दोन सवाब आहेत. एक सारंगांना पोचव. त्यांना सांग, या खेपेला बोट नाही फिरवलं. अक्षर नि अक्षर वाचलं, म्हणून उशीर झाला. रागावू नका म्हणावं."

गनीनं मान खाली घातली. मी पुन्हा त्याच्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर पुढचं बोलता आलं नसतं.

"दुसरा सवाब मी माझ्यापाशी ठेवणार होते. म्हातारीला लागतो." मी जरा थांबले. "त्यातला अर्धा माझ्या सुनेला दे. माझ्यापायी तिच्या भाज्या करपल्या, नि वर मी तिलाच बोलले. पण अर्धाच दे, अल्ला. सगळा दिलास तर डोक्यावर बसेल."

आमीन म्हणायचं होतं. ओटीवरची माणसं हसावं की म्हणावं अशी अडकली. त्यांच्या आधी पडद्याआडून आवाज आला, एकटा, खणखणीत, नि शेवटी जरासा फाटलेला.

"आमीन!"

मग घरभर.